तुमचे किती देश झाले?

ऐकावं ते नवलच! हल्ली लग्नाच्या पंगतीत कोणी कोणाला मुलांच्या नोकरीचं विचारत नाही, गुडघ्यांची चौकशी करत नाही. साडीची किंमतसुद्धा दुसऱ्या नंबरावर गेली आहे. पहिला प्रश्न असतो, "तुमचे किती झाले?" आणि समोरची, चारचौघांत, जराही न लाजता आकडा सांगते. "अकरा. व्हॅटिकन धरून."

की झालं! व्हॅटिकन धरायचं की नाही यावर मठ्ठा येईपर्यंत वाद. एका पक्षाचं म्हणणं, जिथे रात्र काढली तोच देश. दुसरा पक्ष उदार आहे, नुसतं जेवलात तरी चालेल. तिसऱ्या पक्षाच्या मते बसमधून उतरून स्वच्छतागृहाला जाऊन आलात की देश झाला. पैसे मोजलेत ना तिथे, मग? दोह्याच्या विमानतळावर चार तास पेंगून कतार मोजणारे महाभागही आहेत, पण त्यांना अजून समाजात म्हणावी तशी मान्यता नाही.

हा नाद लागलाय युरोपच्या बस-सहलींचा. विमानाने एकदा तिकडे उतरायचं आणि पुढे खुष्कीच्या मार्गाने, चाळीस-पंचेचाळीस मराठी माणसांनी एका बसमध्ये बसून, देशामागून देश ओलांडायचे. माहितीपत्रकावर देश आणि दिवस यांचे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात आणि दोन्हींमध्ये फारसा फरक नसतो. त्या गणितात एक दिवस असा येतोच, की सूर्य मावळायच्या आत तीन देश उरकायचे. न्याहारी ऑस्ट्रियात, दुपारचा चहा लिख्टेनस्टाइनमध्ये आणि रात्रीची आमटी स्वित्झर्लंडमध्ये. आजची चर्चा या एका दिवसाची. कारण जे काही अब्रह्मण्यम् घडतं, ते याच दिवशी घडतं.

आणि घडतं कोणाच्या घरात? ज्यांच्या पणजोबांना समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावं लागायचं, त्यांच्या! १८९० साली पुण्यात ख्रिस्ती लोकांच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा समोर आला, तर टिळक-रानड्यांसारख्यांवर बहिष्काराचं ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. पुढे १९६० साली पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' आलं, तेव्हा बहुतेक वाचकांनी विलायत आरामखुर्चीतच पाहिली. आता चक्र उलटं फिरलं. जाऊन आलेल्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, न गेलेल्यावर ग्रामण्य. "अजून नाही गेलात? काही प्रॉब्लेम आहे का?" असं हळू आवाजात विचारतात. म्हणजे प्रायश्चित्त आहेच, फक्त आता ते घरी बसणाऱ्याला, आणि हप्त्यांमध्ये.

तर तो दिवस. दिवस उजाडतो टूर मॅनेजरच्या 'सहा-सात-आठ'ने. सहाला उठणे, सातला न्याहारी, आठला बस. हे आदल्या संध्याकाळी बसमध्ये माइकवरून तीनदा सांगितलेलं असतं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेलं असतं, तरी रात्री लिफ्टपाशी कोणीतरी विचारतंच, "उद्या किती वाजता?" घरी साडेआठपर्यंत बेल वाजली तरी न उठणारे काका इथे पावणेसातला टोपी-गॉगल लावून डायनिंग हॉलच्या बंद दारासमोर उभे. दार उघडण्याआधी आतल्या मुलीने काचेतून पाहिलं आणि ती किंचित मागे सरकली, असं प्रत्यक्षदर्शी सांगतात.

त्या न्याहारीच्या बुफेवर जे चालतं ते सांगायला जीभ रेटत नाही. पाच तऱ्हेचे पाव, सात तऱ्हेची चीज, मधाच्या बाटल्या, सगळं मांडून ठेवलेलं. आणि आपली मंडळी त्याच टेबलावर मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं उघडतात! वास थेट तिसऱ्या मजल्यावर. एक काकू तर प्लेट घेऊन वेट्रेसपाशी गेल्या, "टेस्ट, टेस्ट, नॉट स्पायसी." तिने चव घेतली आणि पाणी शोधायला निघून गेली. उठताना दोन केळी आणि एक सफरचंद पर्समध्ये. "वायाच जातं हो नाहीतर." काही हॉटेलांत पाटी असते, पदार्थ बाहेर नेऊ नयेत. एरवी विमानतळावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांना नेमकी हीच वाचता येत नाही.

मग बस. बसमध्ये रोज जागा बदलतात, त्याला 'सीट रोटेशन' म्हणतात. आज पुढे बसलेत ते उद्या मागे. लोकशाहीला धरून आहे, न्याय्य आहे, आणि म्हणूनच कोणालाही मान्य नाही. कोणाला मागे मळमळतं, कोणाची पाठ, कोणाला ड्रायव्हरच्या मागून व्हिडिओ काढायचा असतो. मळमळणारी व्यक्ती ज्या दिवशी तिसऱ्या रांगेत येते, त्या दिवशी तिला अजिबात मळमळत नाही, हे सर्वांनी टिपून ठेवलेलं आहे. बस हलली की "गणपती बाप्पा मोरया!" ड्रायव्हर पोलिश असो की पोर्तुगीज, पहिल्या दिवशी तो दचकतो. चौथ्या दिवशी तोच आरशात बघत "मोरया" म्हणतो.

आता इन्सब्रुक. आल्प्सच्या कुशीतलं गाव, बर्फाच्या सुळक्यांखाली रंगीत घरांच्या ओळी. इथलं मुख्य दर्शन म्हणजे 'गोल्डन रूफ', सोन्याचं छप्पर. गल्लीच्या टोकाला एक सज्जा, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली अडीच हजारांहून जास्त तांब्याची कौलं. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५०० साली ते पुरं केलं, खालच्या चौकातल्या द्वंद्वांचे खेळ बघायला. आपली मंडळी मान वर करतात, बघतात आणि एकमुखाने म्हणतात, "एवढंच?" छप्पर एका सज्ज्यापुरतंच आहे, हे कोणी आधी सांगितलेलं नसतं. वर चढायचं नाही, आत जायचं नाही, कारण कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरात 'बाहेरून' असं लिहिलेलं आहे. पंढरपूरला पदस्पर्शाची रांग सोडून मुखदर्शन घ्यावं, तसा हा प्रकार. लांबून हात जोडा, फोटो काढा, पुढे चला.

खरं तर या छपराची भानगड अशी आहे की ती सांगितली तर बसमध्ये कोणी झोपणार नाही. गावात दंतकथा अशी, की हे छप्पर फ्रेडरिक नावाच्या ड्यूकने बांधलं. लोक त्याला 'रिकाम्या खिशाचा फ्रेडरिक' म्हणून चिडवायचे, म्हणून त्याने चिडून सोनं लावून दाखवलं. हे खरं नाही. छप्पर मॅक्सिमिलियनचंच. पण खिसा त्याचाही काही भरलेला नव्हता. १५१८ साली हा सम्राट लवाजम्यासह इन्सब्रुकला आला, तेव्हा गावच्या खाणावळवाल्यांनी आधीची बिलं थकली म्हणून त्याच्या माणसांना जागा द्यायला नकार दिला! सोन्याच्या छपराचा मालक, आणि उधारीपायी दारातून परत. दोन-तीन महिन्यांत बिचारा वारला. इतकी रसाळ गोष्ट समोर उभी असताना आपले लोक त्या सज्ज्याकडे पाठ करून फ्रिज मॅग्नेट तीन युरोला की चार युरोला यावर घासाघीस करत असतात. मॅग्नेटवर चित्र कशाचं? त्याच छपराचं.

इन्सब्रुकजवळच्या वाटेन्स गावी स्फटिकांची दुनिया आहे. स्वारोव्स्कीची. कारखाना १८९५चा, शताब्दीनिमित्त १९९५ साली आन्द्रे हेलर या कलावंताने ही दुनिया उभारली. टेकडीतून एका राक्षसाचं हिरवं डोकं बाहेर आलंय आणि त्याच्या तोंडातून धबधबा पडतो. आत अंधाऱ्या दालनांमधून जगातल्या कलावंतांनी काचेचे खेळ मांडलेत. ती दालनं आपली मंडळी किती वेगाने पार करतात म्हणून सांगू! कारण शेवटच्या दालनाच्या पुढे दुकान आहे. तिथे मात्र वेळ थांबतो. पुरुष मंडळी बाहेर बाकावर बसून शंभराने गुणाकार करतात. एक युरो म्हणजे साधारण शंभर रुपये असा सोपा हिशेब ठरलेला. आतून एकेक पिशवी बाहेर आली की बाकावर एकेक सुस्कारा. एका गृहस्थांनी विचारलं, "हिरा आहे का हो हा?" "नाही, काच आहे." "मग एवढे पैसे?" त्यावर बायकोने जो कटाक्ष टाकला, तो पुढच्या देशापर्यंत टिकला.

पुढचा रस्ता आल्प्समधून जातो. खोल दऱ्या, कड्यावरची चर्चं, कुरणात घंटा वाजवणाऱ्या गाई. आणि बसमध्ये? घोरणं! ज्यासाठी मुदत ठेव मोडली ते बाहेरून चाललंय आणि आत निम्मी बस मान टाकून झोपलेली. त्यात आर्लबर्गचा बोगदा येतो. १९७८ साली खुला झालेला, जवळजवळ चौदा किलोमीटर लांबीचा, ऑस्ट्रियातला सर्वांत लांब रस्ता-बोगदा. बोगद्यात शिरताना जागे असणारेही बाहेर पडेपर्यंत झोपतात. जे जागे राहतात ते अंताक्षरी खेळतात. 'म'वर अडकलेल्या गटाला ऑस्ट्रिया कधी संपला कळतच नाही.

आणि इथेच खरी गंमत आहे. देश मोजायचा नाद वाढला कधी? तर सीमा दिसेनाशा झाल्यावर! शेंगेनचा करार १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या त्याच नावाच्या गावी झाला. आता २९ देश त्यात आहेत, एका व्हिसावर सगळीकडे हिंडता येतं. त्या व्हिसासाठी २०२४पासून मोठ्या माणसाला ९० युरो पडतात, बँकेचे कागद, विमा, आयकराची विवरणपत्रं वेगळी. एवढे सगळे कागद दिल्यावर निदान प्रत्येक वेशीवर कोणी गणवेशातला माणूस येऊन पासपोर्ट बघेल, दोन शिक्के मारेल, अशी आपली साधी अपेक्षा. तिथे काहीच नाही! एक निळी पाटी मागे जाते आणि फोनवर मेसेज येतो, तेवढाच पुरावा. आता तर ऑक्टोबर २०२५पासून युरोपने वेशीवरच्या शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी यंत्रणा आणली. म्हणजे आल्याचा शिक्कासुद्धा गेला. नातेवाइकांना दाखवायचं काय?

लिख्टेनस्टाइनने नेमकी ही नस ओळखली आहे. हा देश केवढा? १६० चौरस किलोमीटर, मुंबईच्या जेमतेम पावपट. लोकसंख्या सुमारे ४० हजार, म्हणजे आपल्याकडे नगरपालिका. विमानतळ नाही, चलन शेजारच्या स्वित्झर्लंडचं. आणि राजधानी वाडूझमध्ये पर्यटन कार्यालयात काही फ्रँक दिले, की पासपोर्टवर आठवण म्हणून देशाचा शिक्का मारून मिळतो! आमची अख्खी बस त्या रांगेत. देश बघायला दिलेल्या वेळातला निम्मा वेळ देश पाहिल्याचा पुरावा मिळवण्यात गेला. त्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी आक्षेप घेतला, की सरकारी दस्तऐवजावर असे हौशी शिक्के मारून घेऊ नयेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काकांनी स्वतःचा पासपोर्ट पुढे केला.

रांगेतून सुटलेले लोक छोट्या झुकझुक गाडीत बसून गावाला चक्कर मारतात आणि टेकडीवरच्या किल्ल्याकडे बघून विचारतात, "आत जायला तिकीट किती?" तिकीट नाही, कारण राजघराणं तिथे खरोखर राहतं. मराठी माणसाला हे पटत नाही. किल्ला आहे आणि आत जाता येत नाही म्हणजे काय?

पण थांबा, या देशाच्याही भानगडी कमी नाहीत. इथे बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला तो कधी? १९८४ साली! तोही पुरुषांनी मतदान करून दिला. त्या साली आपल्याकडे इंदिरा गांधी चौथ्यांदा पंतप्रधान म्हणून बसलेल्या होत्या. हे टूर मॅनेजरने माइकवर सांगितलं तेव्हा बसमधल्या समस्त महिला मंडळाने असा काही हुंकार दिला, की ड्रायव्हरने आरशात पाहिलं. आणि दुसरी तर कहरच. मार्च २००७मध्ये स्विस लष्कराची एक तुकडी, सुमारे १७० जवान, रात्री सराव करताना वाट चुकून सरळ लिख्टेनस्टाइनमध्ये शिरली. बऱ्यापैकी आत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते मुकाट्याने परतले. कोणाला पत्ता नाही! सांगा आता, जिथे सैन्याला सीमा कळली नाही, तिथे अंताक्षरी खेळणाऱ्या काकूंना बोल का लावायचा?

बोल लावायचाच तर दुसऱ्या एका गोष्टीला लावा. "पळापळ झाली हो नुसती," ही परत आलेल्या प्रत्येकाची तक्रार. "उतरा, बघा, चढा. उतरा, बघा, चढा." सगळा राग टूर मॅनेजरवर. पण बसमध्ये त्याच्याही वर एक सत्ता बसलेली असते आणि तिच्याशी कोणी ओळखच करून घेत नाही. ड्रायव्हरच्या समोर एक यंत्र असतं, टॅकोग्राफ. गाडी किती वेळ चालली, किती वेळ थांबली, सगळं त्यात नोंदलं जातं. युरोपचा नियम असा, की साडेचार तास गाडी चालवली की निदान ४५ मिनिटं थांबलंच पाहिजे. दिवसाला नऊ तासच चालवायचं, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. आणि चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती. आठवड्यात फार तर तीनदा ती नऊ तासांवर आणता येते, त्यापेक्षा कमी नाहीच. मोडलं तर पोलीस ते यंत्र तपासतात आणि जबर दंड होतो. तिथे "दादा, जरा ॲडजस्ट करा ना" चालत नाही. चहापाण्याचे पैसेही चालत नाहीत.

आता हिशेब करा. अकरा तास झोप म्हणजे दिवसाला उरले तेरा. सकाळी आठला बस निघाली तर रात्री नऊला ड्रायव्हरचा दिवस संपलाच पाहिजे. या तेरा तासांत तीन देश. त्यात सोन्याच्या छपरापाशी एक कुटुंब पंधरा मिनिटं उशिरा आलं, कारण मॅग्नेट. काचेच्या दुकानात वीस मिनिटं, कारण कर परताव्याचा फॉर्म. पेट्रोल पंपाच्या थांब्यावर दहा, कारण स्वच्छतागृहाला लागणारं नाणं कोणाकडेच सुटं नाही. वाडूझला पंचवीस, कारण शिक्का. सत्तर मिनिटं गेली! ती कुठून कापायची? यंत्रातून कापता येत नाही. म्हणून शेवटचं ठिकाण कापलं जातं. ल्युसर्नला सरोवराकाठी फिरायचं ठरलेलं असतं, तिथला लाकडी पूल चौदाव्या शतकातला, १९९३ साली आगीत बराचसा जळून पुन्हा उभा केलेला. तो बसच्या काचेतून दाखवला जातो, "उजवीकडे बघा, उजवीकडे… गेला." आणि मग घरी आल्यावर कंपनीला पत्र, "ल्युसर्न नीट दाखवलं नाही." पत्र लिहिणारे कोण? शिक्क्याच्या रांगेतले शेवटचे!

नाण्यांवरून आठवलं. परदेशातली सगळ्यात मोठी मानहानी कुठली, तर लघवीला पैसे. जर्मनीच्या महामार्गांवर बऱ्याच थांब्यांवर २०२२पासून एक युरो घेतात, आधी ७० सेंट होते. बदल्यात तेवढ्याच किमतीचं कुपन देतात, ते अशा थांब्यांवरच्या दुकानांत चालतं. आपल्याकडच्या एका हुशार बाईंनी अख्ख्या बसची कुपनं गोळा केली आणि शेवटच्या दिवशी त्यातून चॉकलेटं घेतली. ती चॉकलेटं भारतात आल्यावर नातेवाइकांना वाटली. कुठल्या पैशांची, हे अर्थात सांगितलं नाही.

संध्याकाळी एंगेलबर्ग. गावात बाराव्या शतकातला मठ आहे, पण मठाचा इथे काय संबंध? इथे यायचं ते दुसऱ्या दिवशी टिटलिसच्या डोंगरावर जायला. वर ३०२० मीटरवर स्टेशन, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. शेवटच्या टप्प्यातला पाळणा वर जाताना स्वतःभोवती फिरतो, १९९२पासून. आणि वर बर्फात कोण उभं आहे? शाहरुख आणि काजोल! पुठ्ठ्याचे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५चा, पण रांग आजही. बायका पैठणी नेसून, वर जॅकेट, खाली स्पोर्ट्स शूज, काजोलच्या शेजारी. नवरे शाहरुखसारखे हात पसरतात आणि घसरतात. कोणीतरी "हर हर महादेव!" ओरडतं आणि आल्प्स त्याचा प्रतिसाद देतात. रात्री हॉटेलात वरणभात, बटाट्याची भाजी, पापड. सुसंस्कृत प्रवासी म्हणवणारे यावर नाक मुरडतात. एवढं दूर जाऊन वरणभात? अहो, युंगफ्राउयोखला ३४५४ मीटर उंचीवर 'बॉलिवूड' नावाचं भारतीय उपाहारगृह स्विस लोकांनीच काढलं. इंटरलाकेनला २०१६ साली यश चोप्रांचा पुतळा उभा केला. आपली हौस त्यांना आपल्याआधी कळली.

आणि नाक मुरडणाऱ्यांसाठी एक जुनी पुडी सोडते. ही झुंडीची सहल आपण काढलेलीच नाही. टॉमस कुक नावाच्या दारूबंदीवाल्याने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे लोक आगगाडीने नेले, माणशी एक शिलिंग. कशाला? तर दारूबंदीच्या सभेला! १८६३ साली त्याने पहिली टोळी स्वित्झर्लंडला नेली. तीत जेमिमा मॉरेल नावाची तरुणी होती, तिने रोजनिशी लिहून ठेवली. पहाटे उठायचं, भरभर बघायचं, पुढे पळायचं, सगळं हेच. आणि त्या बायका हिमनदीवर कशा चढल्या? घेरदार झग्यांमध्ये! पैठणीला हसणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तेव्हाही नाकं मुरडली गेलीच. चार्ल्स लिव्हर नावाचे कादंबरीकार इटलीत ब्रिटिश वकिलातीवर होते. कुकच्या टोळ्या बघून त्यांचं डोकं असं फिरलं, की त्यांनी लेखच लिहिला. म्हणे, ऑस्ट्रेलियाने कैदी घ्यायचं नाकारल्यामुळे ब्रिटिश सरकार ते इटलीत सोडतंय, अशी पुडी आपण इटालियनांना दिली आहे. हे १८६५च्या सुमाराला! त्या वेळी इंग्रज इंग्रजांना जे बोलले, तेच आज मुलुंडचे एकटे फिरणारे लोक डोंबिवलीच्या ग्रुपला बोलतात. आणि एकटे फिरणारे जातात कुठे? त्याच टिटलिसला. फोटो काढतात कोणाजवळ? त्याच पुठ्ठ्याजवळ. फक्त ग्रुपवाल्यांना सांगतात, "जरा बाजूला होता का?"

तिकडच्या गावकऱ्यांची तक्रार मात्र वेगळी आणि ती खरी आहे. व्हेनिसने २०२४पासून एका गटात २५हून जास्त माणसं नकोत आणि भोंगे नकोत असा नियम केला. म्हणजे आपली बस तिथे दोन तुकड्यांत फिरते आणि आरोळ्या मनातल्या मनात माराव्या लागतात. ऑस्ट्रियातलं हालश्टाट सात-आठशे वस्तीचं गाव, तिथे पर्यटक बसना वेळ आरक्षित करूनच यावं लागतं. स्वित्झर्लंडमधल्या इसेल्टवाल्डला तर एका कोरियन मालिकेत धक्का दिसला म्हणून इतकी गर्दी लोटली, की २०२३ साली गावाने त्या धक्क्यावर फाटक बसवून पाच फ्रँक लावले. कोरियन मालिका, बरं का. प्रत्येक वेळी आपणच नसतो.

तर आता निकाल. ग्रुपने जाणं हा काही गुन्हा नाही. ज्या आजींना घरच्यांनी कधी एकटं ठाण्याच्या पुढे सोडलं नाही, त्या टिटलिसवर बर्फाचा गोळा करून अनोळखी काकांना मारतात, ते त्या चाळीस माणसांच्या जिवावर. ठेपले हा गुन्हा नाही, पैठणी नाही, "मोरया" तर नाहीच. लोक तिकडे देशांइतकेच एकमेकांना बघायला जातात, आणि त्याचे पैसे वसूल होतात. गुन्हा एकच, मोजण्याच्या नादात बघायचं राहून जातं आणि त्याचं खापर दुसऱ्यावर फुटतं. लिख्टेनस्टाइन धरा किंवा सोडा, बायकांना मत कधी मिळालं एवढं माहीत असेल तर खुशाल धरा.

आणि या मोसमात तुम्ही जाणारच असाल, तर माझं ऐका. सुटी नाणी खिशात ठेवा. मॅग्नेट एकाच ठिकाणी घ्या, सगळ्या गावांतले सारखेच दिसतात. शिक्का मारायचाच तर वहीवर मारा. आणि टूर मॅनेजर "पंचेचाळीस मिनिटं" म्हणाला की चाळिसाव्या मिनिटाला बसमध्ये येऊन बसा. शेवटचं ठिकाण तुमच्याच वेळेतून कापलं जातं.